मिमी : सहा रेघांचा कान

जवळ कागद नसला तरी चालेल. बोट तळहातावर टेकवा. एखादी कांजी, म्हणजे जपानी लेखनातलं अर्थवाही अक्षर, आठवेना की जपानी माणसंही अशीच तळहातावर गिरवून पाहतात.

वर एक आडवी रेघ. तिच्याखाली दोन उभ्या, त्यांच्यामध्ये दोन आखूड आडव्या, आणि तळाशी एक लांब आडवी. उजवी उभी रेघ मात्र तळाची रेघ ओलांडून खाली उतरते. झाल्या सहा रेघा. हा कान. एकटा आला तर ‘मिमी’. कान-नाकाच्या दवाखान्याच्या पाटीवर, ‘जिबिका’ या शब्दात, तोच ‘जी’ होतो.

जपानी मुलं पहिलीत ८० कांजी शिकतात, त्यांत डोळा, तोंड, हात, पाय यांच्याबरोबर ही असते. दुसरीत हाच कान दाराच्या चौकटीत बसतो आणि ‘ऐकणे’ होतं. दाराला कान लावला की ऐकू येतं, असं म्हणून ती खुशाल लक्षात ठेवा. पण खरं तर कान इथे अर्थ सांगतो आणि दार फक्त उच्चार सुचवतं.

तिसरीत कानाशेजारी हात येतो. अर्थ होतो ‘घेणे’. हे काय घेणं? इसवी सन १००च्या सुमारास चीनमध्ये शू शेन यांनी रचलेल्या कोशात उत्तर आहे: युद्धात मारलेल्या शत्रूचा डावा कान पुरावा म्हणून कापून घेत. क्योटोत आजही ‘मिमिझुका’, म्हणजे कानांची टेकडी, उभी आहे. जपानचा सत्ताधीश हिदेयोशी याच्या कोरियावरील स्वाऱ्यांच्या काळात, १५९७ साली ती रचली गेली. तिच्यात पुरली आहेत ती बहुतांशी नाकं, आणि ती केवळ सैनिकांची नव्हेत, सामान्य माणसांचीही. शिकवताना ही हकिगत वगळू नये असं मला मनापासून वाटतं. आठ रेघांच्या त्या अक्षराला तिच्याशिवाय अर्थच लागत नाही.

म्हणून कान एकटा घोटू नका. त्याचं कुटुंब सोबत घ्या. चौथीत तो ‘सर्वांत जास्त’ या अर्थाच्या अक्षरात सापडतो, पाचवीत ‘नोकरी-व्यवसाय’ दाखवणाऱ्या अठरा रेघांच्या गर्दीत डावीकडे अंग चोरून उभा असतो. आणि सहावीत ‘पवित्र’ हा अर्थ सांगणाऱ्या कांजीत वर डावीकडे कान, त्याच्या शेजारी तोंड.