गाडी स्लो का पकडत नाही?

मोटरसायकल किती जोरात पळते हे सगळेच विचारतात. ती उभ्या जागी किती शांत चालते, हे फक्त मेकॅनिक विचारतो. सिग्नलला किंवा घराच्या फाटकाशी ॲक्सिलरेटर सोडला, की इंजिन संथ लयीत चालू राहिलं पाहिजे. गॅरेजच्या भाषेत याला गाडी 'स्लो पकडते' असं म्हणतात. गाडी जुनी झाली की बहुधा पहिली तक्रार हीच येते.

माझ्या भाच्यानं गेल्या वर्षी एक जुनी टू-स्ट्रोक घेतली. १९८५ ते १९९६ या काळात आपल्याकडे यामाहा आरएक्स १०० बनत होती. तसल्या हलक्या गाड्यांचे मडगार्ड काढून, बटण टायर चढवून मुलं त्या मातीत पळवतात. हाही रत्नागिरीच्या सड्यावर, तांबड्या मातीच्या वाटांवर पळवायचा. म्हणाला, "मामू, रेसवर झकास चालते, पण सोडली की बंद!" एका गॅरेजवाल्यानं इंजिन खोलून बोअर करायला सांगितलं होतं. तो खर्च ऐकून पोरगं गाडी भंगारात द्यायला निघालं होतं. मी त्याला आमच्या गल्लीतल्या उस्तादांकडे घेऊन गेलो. तिथं जे पाहिलं आणि ऐकलं, तेच आज सांगतो.

उस्तादांनी पाना हातात घेतलाच नाही. आधी विचारलं, "पेट्रोल कधीचं आहे?" गाडी चार महिने पडून होती. पेट्रोल असं पडून राहिलं की त्यातला हलका भाग उडून जातो आणि मागे चिकट थर उरतो. त्यात आता पेट्रोलमध्ये इथेनॉल असतं. २०२५ साली हे प्रमाण देशात २० टक्क्यांपर्यंत गेलं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, आणि जुन्या गाड्यांचे रबरी भाग त्याचा विचार करून बनवलेले नसतात. म्हणून पहिलं काम म्हणजे टाकी रिकामी करणं, कॉकची जाळी धुणं आणि ताजं पेट्रोल भरणं.

मग प्लग काढला. प्लग काळा आणि ओला असेल तर पेट्रोल जास्त जातंय. पांढरट आणि कोरडा असेल तर हवा जास्त. हा पांढरट निघाला. शिवाय चोक अर्धा ओढला की गाडी बंद पडत नव्हती. याचा अर्थ, बारीक चालीत इंजिनला पेट्रोल पुरत नव्हतं.

असं का होतं? कार्ब्युरेटरमध्ये मेन जेट असतो आणि पायलट जेट असतो. जोरात पळताना मेन जेट पेट्रोल पुरवतो. ॲक्सिलरेटर सोडला की सगळी भिस्त पायलट जेटवर, आणि त्याचं भोक एक मिलिमीटरपेक्षाही खूप लहान. पेट्रोलचा चिकट थर पहिला तिथं बसतो. म्हणून गाडी पळते, पण थांबत नाही. उस्तादांनी जेट काढून उजेडाकडे धरला. आरपार काही दिसेना. भाच्यानं तार शोधली, तसे ते म्हणाले, "तार नको बाळ. पितळ मऊ असतं, भोक मोठं होईल." क्लीनरमध्ये भिजवून, हवेचा झोत मारून त्यांनी तो मोकळा केला.

गाडी स्लोला थांबली. भाचा खूश. पण इंजिन तापल्यावर वेगळंच सुरू झालं. ॲक्सिलरेटर सोडला तरी आवाज खाली येईना, उलट चढू लागला. भाचा म्हणाला, "स्लोचा स्क्रू कमी करू या." इथं उस्तादांनी त्याचा हात धरला.

स्क्रू फिरवला असता तर आवाज खाली आला असता आणि दोष आत राहिला असता. गाडी कुठून तरी हवा घेत होती. टू-स्ट्रोकमध्ये अशी चोरटी हवा धोक्याची. मिश्रण पातळ होतं, पिस्टन बेसुमार तापतो आणि जाम होतो. सड्यावरून उतारानं येताना मागचं चाक अचानक अडकलं, तर मुलाचं काय होईल?

आधी केबल पाहिली. हँडल दोन्हीकडे वळवून आवाज बदलतो का, हे तपासलं. बदलला नाही. मग इंजिन गार होऊ दिलं, पुन्हा चालू केलं आणि कार्ब्युरेटर व इंजिन यांच्यामधल्या रबरी जोडावर क्लीनरचा जरासा फवारा मारला. आवाज लगेच बदलला. हा फवारा पेट घेतो, म्हणून तापल्या इंजिनावर किंवा ठिणगीजवळ मारू नये. रबर काढून वाकवलं, तेव्हा घडीत चीर दिसली. तीही नसती, तर पुढचा संशय क्रँकच्या ऑइल सीलवर होता. क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअरचं तेल जळून दाट पांढरा धूर येतो. मॅग्नेटोच्या बाजूचं गेलं तर नुसती हवा शिरते, धूर दिसत नाही.

नवं रबर बसवलं. शेवटी एअर स्क्रू हलक्या हातानं पूर्ण बसवून दीड फेरा उघडला आणि गरम इंजिनावर अगदी थोडा थोडा फिरवून आवाज जुळवला. स्लोच्या स्क्रूची पाळी सगळ्यात शेवटी आली. इंजिन खोलावं लागलं नाही.

मी कविता लिहितो. ओळ अडली की एकदम चार शब्द बदलावेसे वाटतात. मग कोणत्या शब्दानं ओळ सुधारली हेच कळत नाही. उस्तादांचा नियम असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलायची, गाडी चालू करून ऐकायचं, मग पुढच्या गोष्टीला हात लावायचा. आणि सुरुवात स्वस्त वस्तूपासून करायची: पेट्रोल, प्लग, जेट, केबल, रबर. इंजिन सर्वांत शेवटी.

भाच्यानं आता टाकीच्या आतल्या बाजूला एक कागद चिकटवलाय. त्यावर रबर बदलल्याची तारीख आहे आणि खाली लिहिलंय, 'एअर स्क्रू पावणेदोन फेरे.' पुढच्या खेपेला आवाज बदलला, तर कुठून मोजायचं हे त्याला ठाऊक असेल.