चिरतारुण्याचे रसायन

पांढऱ्या केसाला कलप लावणे हा काही गुन्हा नव्हे. पण माणूस वयाशी हुज्जतच घालू लागला तर काय होते? रॉबर्ट झेमेकिस यांच्या 'डेथ बिकम्स हर' या १९९२ सालच्या अमेरिकन चित्रपटात ते पाहायला मिळते. विषय मरणाचा, पण बघणारा पोट धरून हसतो. असा हा भेसूर विनोद आहे.

मॅडेलिन नटी, हेलन लेखिका. दोघींचे वैर जुने. हेलनचे लग्न ज्याच्याशी ठरले, त्या अर्नेस्ट नावाच्या शल्यवैद्याशी मॅडेलिनच लग्न करते. वर्षे लोटतात. एके दिवशी हेलन समोर येते, ती पन्नाशीतही ऐन तारुण्यात! मग मॅडेलिनला चैन कसली पडायला? एका गूढ बाईकडून तीही तारुण्याचे रसायन मिळवते. हेलनने आधी तेच घेतलेले असते.

रसायन खोटे नाही, हीच तर गोम आहे. शरीराला मरण नाही. पण झालेली इजा भरूनही येत नाही. जिन्यावरून पडून मॅडेलिनची मान उलटी फिरते. गोळी लागून हेलनच्या पोटाला आरपार भोक पडते. नाडी बंद, अंग गार, तरी भांडण चालूच! या दृश्यकरामतींसाठी चित्रपटाला १९९३ मध्ये ऑस्कर पारितोषिक मिळाले.

पुढची गंमत ऐका. अर्नेस्ट आता प्रेतांना रंगरंगोटी करून पोट भरत असतो. पडक्या भिंतीला चुना द्यावा तसे तो या दोघींनाही रंगवतो. त्यानेही रसायन प्यावे म्हणून दोघी त्याच्या मागे लागतात, कारण रंगारी कायमचा हवा! तो मात्र 'नको' म्हणून निसटतो. मग काय, ज्यांना एकमेकींचे तोंड पाहवत नव्हते, त्यांनी आता एकमेकींना रंगवत बसायचे!

सदतीस वर्षांनी अर्नेस्टचा अंत्यविधी होतो. त्याने संसार केला, चांगली कामे केली. मुले-नातवंडे मागे आहेत. दोघी मागे बसून फिदीफिदी हसतात. बाहेर पडताना रंगाच्या डब्यावरून पाय घसरतो आणि पायऱ्यांवर त्यांचे तुकडे होतात. तुकडेही बोलतच राहतात.

आपल्या ययातीने मुलाचे तारुण्य घेतले, पण शेवटी ते परत दिले. या दोघींना ती सोय नाही.

आपण दोघींना हसतो खरे. पण बाईच्या गुणांआधी तिचे वय मोजणारे कोण? आपणच ना? मग ते रसायन त्या बायांच्या हाती देण्यात आपलाही हात आहे, एवढे हसता हसता ध्यानात ठेवावे.