पेशीच्या काठावरचं पाणी



सकाळपासून चहाच्या टेबलापाशी मला एकच प्रश्न विचारला जातोय, "तू नक्की करतेस काय?" सॉफ्टवेअर म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "बँकेचं का?" बँकेचं नाही. सूक्ष्मदर्शकाखाली काढलेल्या चित्रांतून आकडे काढणारे प्रोग्राम मी लिहिते. त्यातल्या एकाच आकड्याविषयी आज बोलणार आहे.

मागच्यांनी दिवे घालवा जरा. या तीन बाटल्यांत हळद आहे. एकीत पाण्यात, दुसरीत गोड्या तेलात, तिसरीत स्पिरिटमध्ये. हा नोटा तपासायचा जांभळा टॉर्च. पाण्यातली हळद बघा, जवळजवळ विझलेली. तेलातली आणि स्पिरिटमधली चमकतायत, आणि दोघींची छटा सारखी नाही. हळद तीच, टॉर्चही तोच. हळदीतल्या कर्क्युमिनच्या रेणूला शेजार कसला मिळालाय, तेवढाच फरक. एक प्रकाश घेऊन दुसऱ्या रंगाचा प्रकाश लगेच परत टाकायचा, या गुणाला फ्लुओरेसन्स म्हणतात. १८५२ साली स्टोक्सनं हा शब्द दिला.

आता पेशीकडे. पेशीपटल आपण वहीत एका पेन्सिलरेषेनं काढायचो आणि शेजारी 'निवडक्षम पारपटल' असं नाव द्यायचो. ती रेष खरं तर मेदाच्या रेणूंचे दोन थर असतात, मिळून जेमतेम ५ नॅनोमीटर. वहीच्या एका कागदाच्या जाडीत अशी २०,००० पटलं मावतील. बाहेर पाणी, आत तेलकट गाभा. पाण्याचा डायइलेक्ट्रिक स्थिरांक ८० च्या आसपास, गाभ्याचा २ च्या. एवढा मोठा उतार इतक्या कमी जागेत! पाणी कुठपर्यंत शिरतं, तिथे ध्रुवीयता किती, यावर औषध आत जाईल का, पटलातली प्रथिनं नीट काम करतील का, हे बरंचसं अवलंबून असतं. आणि तिथे घालायला ना मोजपट्टी आहे ना थर्मामीटर.

म्हणून त्या जागी एक रेणूच पाठवायचा. ब्युनोस आयर्समध्ये जन्मलेले ग्रेगोरिओ वेबर आणि त्यांचे सहकारी फॅरिस यांनी १९७९ साली प्रोडान नावाचा रेणू जाहीर केला. लॉर्डान हा त्याचाच भाऊ, पण १२ कार्बनांची शेपटी असलेला. शेपटी मेदात रुतते आणि चमकणारं डोकं पाणी नि तेल यांच्या सीमेजवळ राहतं.

प्रकाश शोषला की लॉर्डानच्या दोन टोकांमधला विद्युतभाराचा फरक एकदम वाढतो. शेजारी पाण्याचे मोकळे रेणू असतील तर ते त्याच्याकडे वळतात, त्यात थोडी ऊर्जा खर्च होते आणि उरलेली हिरवट प्रकाश म्हणून, ४९० नॅनोमीटरच्या आसपास, बाहेर पडते. लोकलच्या डब्यात नवा माणूस चढल्यावर लोक सरकतात तसं. पण डबा खच्चून भरला असेल तर कुणी सरकायच्या आत त्याचं स्टेशन येतं! लॉर्डानचं स्टेशन काही नॅनोसेकंदांत येतं. पटल थिजलेलं असेल तर पाणी कमी आणि तेही अडकलेलं, त्यामुळे प्रकाश निळा राहतो, ४४० च्या आसपास. थिजणं हा शब्द मी मुद्दाम वापरते, कारण मेदाचं पटल तुपासारखंच थिजतं आणि पातळ होतं. डीपीपीसी या मेदाचं पटल ४१ अंशांना पातळ होतं. पातळ पटलात कोलेस्टेरॉल मिसळलं तर ते घट्ट होतं आणि प्रकाश निळ्याकडे सरकतो. हैदराबादच्या सीसीएमबीत अमिताभ चट्टोपाध्याय यांनी सेरोटोनिनच्या एका ग्राहक प्रथिनाला कामासाठी हेच कोलेस्टेरॉल कसं लागतं, यावर बरीच वर्षं काम केलं आहे. त्यामुळे पटल किती घट्ट, हा प्रश्न नुसता कुतूहलाचा नाही.

१९९० मध्ये पारासासी, ग्रॅटन आणि सहकाऱ्यांनी या दोन रंगांतून एक आकडा काढला, जीपी. निळ्यातून हिरवा वजा करा आणि दोघांच्या बेरजेनं भागा. उत्तर उणे १ ते अधिक १ मध्ये येतं. थिजलेल्या पटलाचं ०.५ च्या आसपास, पातळाचं शून्याच्या खाली. सातवीतल्या मुलालाही जमेल असं गणित.

आणि इथेच माझी नोकरी सुरू होते. समजा, एका जागी निळा २५० आणि हिरवा ५०. जीपी ०.६७. कॅमेरा प्रत्येक रंगात आपले म्हणून ५० मिसळतो. ३०० आणि १००, जीपी ०.५. आता त्याच पटलाचा एक मंद भाग घ्या, जिथे लॉर्डान कमी पोचलाय. खरे आकडे २५ आणि ५, म्हणजे जीपी पुन्हा ०.६७. त्यात ५० मिसळले की ७५ आणि ५५, जीपी ०.१५! पटल दोन्हीकडे एकच, पण रंगवलेल्या नकाशात एक भाग घट्ट दिसतो नि दुसरा पातळ. चित्र इतकं देखणं येतं की कुणी शंका घेत नाही. ते ५० आधी वजा करायला लागतात. शिवाय दोन रंगांचे डिटेक्टर सारखे संवेदनशील नसतात, म्हणून ठरावीक द्रावणातला लॉर्डान प्रत्येक यंत्रावर आधी मोजून त्यानुसार दुरुस्ती करायची. हे कंटाळवाणं काम आहे आणि मला ते मनापासून आवडतं. माझ्या मते जीपीचा नकाशा छापताना शेजारी नुसत्या उजेडाचं काळंपांढरं चित्रही छापायलाच हवं. दोन्हींचे आकार हुबेहूब जुळले तर नकाशावर विसंबण्याआधी गणित पुन्हा तपासावं.

जाता जाता, आपल्यातल्या डॉक्टर मंडळींसाठी. लॉर्डान फक्त स्वतःच्या मजल्यावरची बातमी देतो. डीपीएच नावाचा दुसरा रेणू खाली तेलकट गाभ्यात उतरतो, आणि तो पाण्याविषयी नाही तर आपल्याला वळायला किती जागा मिळते याविषयी सांगतो. त्यामुळे एकाच पटलाविषयी दोघांच्या बातम्या कधी कधी जुळत नाहीत, आणि तरी दोघेही बरोबर असू शकतात.