फोर बाय फोर आणि कच्छचं रण

(मंडळाच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)

 

आपल्या चलथाणच्या तीन-चार मुलांनी थार घेतली आहे आणि दिवाळीत कच्छला जायचा बेत आहे, म्हणून मला उभं केलंय. थार नाशिकला बनते, म्हणजे गाडी आपलीच. नाव मात्र वाळवंटाचं. माझं भांडवल म्हणजे मेकॅनिकलचा डिप्लोमा आणि सरकारी नोकरीत कच्छमध्ये काढलेली पाच वर्षं.

आधी एक गैरसमज काढू. फोर बाय फोरमध्ये इंजिनाची ताकद चारही चाकांना जाते, पण पकड जमीनच देते. साध्या डिफरन्शियलमध्ये पकड सुटलेलं चाकच गरगर फिरतं, त्याचं जोडीदार चाक स्वस्थ बसतं. लॉक असेल तर गोष्ट वेगळी. उसाच्या शेतात रुतलेला ट्रॅक्टर आपण सगळ्यांनी पाहिलाय. चाक जितकं फिरवाल, तितकं ते खाली जातं.

वाळूत टायरची 30-32 ची हवा 18-20 वर आणायची. टायर पसरतो, वजन जास्त जागेवर वाटलं जातं. वेग एकसारखा ठेवायचा, टेकडीच्या उतारावर गाडी आडवी घ्यायची नाही, उलटते. डांबरी रस्ता लागला की फोर बाय फोर बंद करायचं आणि हवा परत भरायची, नाहीतर टायर तापतो.

पण जैसलमेरचे व्हिडिओ पाहून कच्छला जाऊ नका. रण म्हणजे वाळू नव्हे. पावसाळ्यात तिथं पाणी भरतं, मग वर मिठाची पांढरी पापडी धरते. खालचा चिखल मात्र महिनोन्महिने ओलाच.

नोव्हेंबरात आम्ही तिघे खात्याच्या जीपने खावड्याच्या पुढे गेलो होतो. वळसा वाचवायला मी सरळ रणातून घ्या म्हटलं. ड्रायव्हरकाका म्हणाले, "गाडी तो चालशे साहेब, जमीन नहीं चाले." मी म्हटलं, फोर बाय फोर आहे ना? जेमतेम साठ पावलांवर पापडी फुटली. मी "दाबा" म्हणत राहिलो आणि चारही चाकांनी मिळून खड्डा खणला. चासी चिखलावर टेकली.

पाण्याच्या दोन बाटल्या, मोबाईलला रेंज नाही. वाट फक्त काकांना ठाऊक, म्हणून तेच निघाले. निवृत्तीला चार महिने राहिलेला माणूस, भर उन्हात दोन तास चालत गेला. अंधार पडल्यावर ट्रॅक्टर घेऊन आले. ट्रॅक्टर कडक काठावरच उभा केला, दोन दोरखंड जोडून जीप ओढली. ते मला एक शब्द बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं. परतीच्या वाटेवर मला त्यांच्याकडे पाहवत नव्हतं.

तर पोरांनो, दिवाळीत रण ओलंच असतं. परवाना काढा, दोन गाड्या न्या, गावातला माणूस बरोबर घ्या. शंका आली तर उतरून पुढे चालून पाहा. टाच रुतली तर गाडी मागे. हवा भरायचा पंप आणि लांब दोरखंड माझ्याकडे आहे. घरी येऊन न्या, चहाही होईल.