पिंजऱ्यातली कुस्ती आणि आपल्या शाळेची मॅट
(स्नेहमेळाव्यातील भाषण)



संयोजकांनी मला सुचवले होते की, तू सॉफ्टवेअरमध्ये आहेस, तर एआयवर काहीतरी बोल. त्या विषयावर मी पोटापाण्यासाठी रोज बोलते. आज गावी आले आहे, तर आवडीचे बोलते. मी मिक्स्ड मार्शल आर्ट्सची, म्हणजे एमएमएची चाहती आहे. अमेरिकेत शनिवारची रात्र असते तेव्हा आपल्याकडे रविवार उजाडत असतो. घरचे झोपलेले असतात आणि मी चहाचा कप घेऊन टीव्हीसमोर बसलेली असते. मागच्या बाकावरून हसू ऐकू येते आहे. हसा बापा, पण ऐकून घ्या.

आपण लहानपणी मंडईला जायचो, दंडार बघायचो, शंकरपट बघायचो. कुस्त्या लागल्या की पोट्टे पुढे बसायचे आणि आम्ही पोट्ट्या लांबूनच टाळ्या ऐकायचो. एमएमए ही त्याच कुस्तीची दूरची नातेवाईक आहे. तिच्यात कुस्तीची पकड आहे, ज्युदोची फेक आहे, बॉक्सिंगचा ठोसा आहे, मुआय थाईची लाथ आहे आणि जिउ-जित्सूचा गळपाश आहे. यातली सर्वांत मोठी स्पर्धा म्हणजे यूएफसी. ती १२ नोव्हेंबर १९९३ रोजी अमेरिकेत डेन्व्हरला सुरू झाली. तेव्हा वजनगट नव्हते आणि नियमही नावापुरतेच होते. ब्राझीलच्या सडपातळ रॉयस ग्रेसीने एका रात्रीत तिघांना हार मानायला लावली, आणि तीही ठोसे मारून कमी, पकडीत घेऊन जास्त. पुढे वजनगट आले, हातमोजे आले, कुठे मारायचे नाही याची यादी आली. आता पाच मिनिटांची एक फेरी असते. साध्या लढतीला तीन फेऱ्या, अजिंक्यपदाला पाच.

आपल्या मातीचाही यात वाटा आहे. गोंदियाहून सुटणारी महाराष्ट्र एक्सप्रेस कोल्हापूरला पोचण्याआधी कऱ्हाडला थांबते. कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव यांनी १९५२ साली हेलसिंकी ऑलिंपिकमध्ये कुस्तीचे कांस्यपदक मिळवले. स्वतंत्र भारताचे ते पहिले वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यानंतर पासष्ट वर्षांनी, २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये, कुस्तीतूनच आलेला महाराष्ट्राचा भरत खंडारे शांघायला यूएफसीच्या पिंजऱ्यात उतरला. समोर चीनचा सोंग यादोंग होता. पहिल्याच फेरीत गळपाश बसला आणि भरत हरला. पण भारतात राहून, इथेच तयारी करून तिथपर्यंत पोचणाऱ्या पहिल्या माणसाचे नाव मराठी आहे, हे मला आवडते.

मुलींची गोष्ट वेगळी सांगायला हवी. यूएफसीचे प्रमुख डेना व्हाइट २०११ मध्ये सांगत होते की आमच्याकडे बायका कधीच लढणार नाहीत. दोनच वर्षांत, २३ फेब्रुवारी २०१३ रोजी, ज्युदोत ऑलिंपिक कांस्य मिळवलेली रोंडा राऊझी तिथे मुख्य लढत लढली. आणि ८ जून २०२४ रोजी लुईव्हिल शहरात उत्तर प्रदेशातल्या मुझफ्फरनगर जिल्ह्याची पूजा तोमर उतरली. तिचा गट स्ट्रॉवेट, म्हणजे ५२ किलोंचा. आपल्या चाळीस किलोंच्या धानाच्या कट्ट्यापेक्षा थोडेच जास्त! समोर ब्राझीलची रायान दोस सान्तोस.

तीन फेऱ्या संपल्या आणि निकाल तीन पंचांकडे गेला. प्रत्येक फेरी जिंकणारीला १० आणि हरणारीला सहसा ९ गुण, अशी पद्धत आहे. एका पंचाने पूजाला ३०-२७ दिले. दुसऱ्याने अगदी उलटे, २७-३०. तिसऱ्याने २९-२८ पूजाला. यूएफसीत लढत जिंकणारी ती पहिली भारतीय स्त्री ठरली, तीही अशा काठावरच्या निकालाने. सर, एकच पेपर दोन परीक्षकांनी तपासला की काय होते, ते तुम्हाला मी सांगायला नको!

आता या खेळाची मला न आवडणारी बाजू. डोक्याला वारंवार मार बसला की मेंदूला इजा होते आणि ती भरून येत नाही. हातमोज्यांनी मुख्यतः मारणाऱ्याचा हात वाचतो, मार खाणाऱ्याचे डोके वाचत नाही. एखादी खेळाडू बेशुद्ध पडते तेव्हा मी टाळी वाजवत नाही. म्हणून शाळेतल्या मुलींनी एमएमए खेळावे, असे मी म्हणणार नाही.

पण ही माणसे आली कुठून, ते बघा. रोंडा ज्युदोतून आली, भरत कुस्तीतून, पूजा वुशूतून. २०१९ मध्ये सिंगापूरच्या वन चॅम्पियनशिपमध्ये उतरलेली रितू फोगाट कुस्तीतून. यातल्या कुस्तीत आणि ज्युदोत डोक्यावर ठोसा मारायला बंदीच आहे. ज्युदोत तर पहिला धडा पडण्याचा असतो. हनुवटी छातीला लावायची, हात जमिनीवर आपटायचा, डोके वाचवायचे. दुसरा धडा टॅपचा. पकडीतून सुटका नाही असे कळले की दोनदा थोपटायचे, समोरची लगेच सोडते. थोपटले की सोडायचेच, हा नियम मुलामुलींना दहाव्या-बाराव्या वर्षी अंगवळणी पडावा, असे मला फार वाटते. आमच्या वेळी मुलींना पी.टी.च्या तासाला लेझीम आणि कडेला बसणे, एवढेच होते.

आज दुपारी बॅचच्या निधीचे ठरणार आहे. सगळी रक्कम संगणक खोलीला द्यावी, असा प्रस्ताव आहे. मी स्वतः संगणकावर पोट भरते आणि तरीही सांगते, अर्धीच तिकडे द्या. संगणक चारपाच वर्षांत जुने होतात आणि मुलांच्या हातात फोन आलेच आहेत. उरलेल्या अर्ध्यात ज्युदोच्या मॅट घ्या आणि आठवड्यातून दोन दिवस प्रशिक्षक ठेवा, शक्यतो बाई. एक वेळ मुलींसाठी राखून ठेवा. पहिल्या वर्षीचे मानधन कमी पडले तर ते मी देते.

यातून कोणी लुईव्हिलला जाईलच असे नाही. रोज सायकलने दोन-तीन गावे ओलांडून शाळेत येणाऱ्या पोरीला नीट पडता आले, पकड सोडवता आली, आणि "थांब" म्हटल्यावर समोरच्याने थांबायचे असते हे तिला पक्के ठाऊक झाले, तरी आपले पैसे वसूल.

दुपारी हात वर करताना एवढे लक्षात ठेवा.