यवतमाळची मुलं आणि साधा भागाकार

यवतमाळ म्हटलं, की शेतकरी आत्महत्यांचा जिल्हा, हा शिक्का ठरलेलाच. तिथला विद्यार्थी पुण्यात वऱ्हाडीत बोलला, की काहीजण त्याला कच्चाच समजतात.

कच्चेपणाचे आकडे मात्र देशभरातल्या ग्रामीण भागाचे आहेत. 'असर' या शैक्षणिक सर्वेक्षणाच्या २०२३च्या अहवालानुसार ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयोगटात सुमारे चौघांतल्या एकाला प्रादेशिक भाषेतला दुसरीचा उतारा सफाईने वाचता येत नाही. तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येने भागणं जेमतेम ४३ टक्क्यांना जमतं. यातलीच कित्येक मुलं पुढे महाविद्यालयात येतात.

यवतमाळात अनेकांच्या घरी गोरमाटी, गोंडी किंवा कोलामी बोलतात. पुस्तकी मराठी शाळेतच भेटते. पण बोली आड येतेच असं नाही: पुसदजवळच्या गहुलीच्या बंजारा, म्हणजे गोरमाटी बोलणाऱ्या समाजातले वसंतराव नाईक १९६३ ते १९७५ महाराष्ट्राचे मुख्यमंत्री होते.

प्राध्यापकांनी प्रवेशानंतर लगेच वाचन-गणित तपासावं, उणीव तिथेच भरून काढावी. बोलीवरून मात्र पारख करू नये.