नोंद तिची, किल्ली कुणाकडे?

(हुपरी येथे महिला कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेल्या भाषणाचा संपादित भाग)



आज मी रजिस्टरवर बोलणार आहे असं सांगितलं तेव्हा तुमच्यातल्या काहीजणी हसल्या. पोटगीवर भाषण होतं, दारूबंदीवर होतं. रजिस्टरवर कसलं भाषण? पण आपल्याकडे आलेल्या बाईचं पुढं काय होणार, हे पुष्कळदा रजिस्टरातल्या दोन ओळींवर ठरतं.

एक प्रसंग सांगते. ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत. घरी बसून पैंजणाच्या कड्या जोडणारी एक बाई. दुसऱ्या बाळंतपणानंतर तिची झोप गेली, सारखं रडू यायचं. घरच्यांनी डॉक्टरांकडे नेलं. कागदावर लिहिलं गेलं : चिडचिड करते, संशय घेते, घरकामात लक्ष नाही. हे सगळं नवऱ्यानं सांगितलेलं. तिला वेगळं बसवून कुणी विचारलं नाही. ती मार खात होती, हे त्या कागदावर कुठंच नाही. काही महिन्यांत ती बरी झाली, कामाला लागली. चार वर्षांनी तोच कागद घटस्फोटाच्या अर्जाला जोडून आला. इतकी वर्षं तो नवऱ्याच्या कपाटात होता. तिनं तो पहिल्यांदा पाहिला वकिलाच्या टेबलावर.

कायदा काय म्हणतो? हिंदू विवाह कायद्याच्या कलम १३ मध्ये मानसिक विकार हे घटस्फोटाचं एक कारण आहे. पण नुसतं आजाराचं नाव पुरत नाही. जोडीदारानं एकत्र राहावं अशी अपेक्षाच करता येणार नाही, इतका तो गंभीर असावा लागतो. सर्वोच्च न्यायालयानं १९८८ साली राम नारायण गुप्ता विरुद्ध रामेश्वरी गुप्ता या खटल्यात हे स्पष्ट केलं. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा आणखी पुढं जातो. आधी कधी उपचार घेतले, एवढ्यावरून आज कुणाला आजारी ठरवता येत नाही. आजार आहे म्हणून ती व्यक्ती 'अस्थिर मनाची' ठरत नाही. ते न्यायालयानंच ठरवायचं. कलम २३ गोपनीयतेचा हक्क देतं. कलम २५ आपल्या उपचारांची मूलभूत नोंद पाहण्याचा हक्क देतं. संगणकात साठवलेल्या माहितीलाही गोपनीयता लागू आहे, हे कलम २४ मध्ये लिहिलेलं आहे.

कायदा चांगला आहे. पण नोंदच एकतर्फी असेल, तर ती पाहण्याचा हक्क मिळून बाईच्या पदरात काय पडणार?

आता आपल्या घरातलं बोलू. आमच्या केंद्राचं रजिस्टर काय वेगळं होतं? नाव, पतीचं नाव, गल्ली, तक्रार. कपाटाला कुलूप होतं, पण किल्ली खिळ्याला. एक मावशी दारातच म्हणाल्या, "ताई, बोलते सगळं, पण नाव तेवढं लिहू नगा." हुपरीत आडनाव आणि गल्ली कळली की घर सापडतं, हे त्यांना आमच्यापेक्षा जास्त कळत होतं.

मग संगणक घ्यायचं ठरलं. एका विक्रेत्यानं दवाखान्यांसाठीचं तयार सॉफ्टवेअर दाखवलं. पतीचं किंवा वडिलांचं नाव भरल्याशिवाय पुढचं पानच उघडेना. हिंसेची नोंद करायला जागा नाही. बदल करून द्या म्हटलं, तर त्याचे पैसे वेगळे. आणि आमच्या नोंदी त्याच्याकडे कुणाकुणाला दिसणार, याचं सरळ उत्तर मिळालं नाही.

तुम्ही शेठकडून चांदी वजन करून आणता आणि माल वजन करून देता. तागडी शेठची. ती तपासायला मिळाली नाही तर घट कुणाच्या माथी बसते, हे मी तुम्हाला सांगायला नको. मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर म्हणजे अशी तागडी, जी कुणीही उघडून पाहावी, चुकत असेल तर दुरुस्त करावी आणि तशीच दुसरी बनवून शेजारच्या गावाला द्यावी. 'ओपनएमआरएस' हे असं नोंदींचं सॉफ्टवेअर. त्याचं काम २००४ साली सुरू झालं आणि २००६ पासून ते केनियात एचआयव्हीच्या रुग्णांसाठी वापरात आलं. त्याच्या आधारे आपल्या देशात 'बाम्नी' तयार झालं; ते आधी वापरलं गेलं छत्तीसगडमध्ये, गनियारीच्या जन स्वास्थ्य सहयोगच्या ग्रामीण रुग्णालयात. म्हणजे खेड्यातल्या दवाखान्यालाही हे जमतं.

आम्ही त्यावरच आमचे फॉर्म बसवले. इचलकरंजीच्या दोन संगणक शिकलेल्या मुली दर रविवारी यायच्या. पहिला रकाना : बाईचं म्हणणं, तिच्याच शब्दांत. दुसऱ्या कुणी माहिती दिली तर ती वेगळी, कुणी दिली ते लिहून. पतीचं नाव सक्तीचं नाही. घरी फोन केलेला चालेल का, कोणत्या वेळी, हा प्रश्न अगदी वर. आजाराच्या नावापुढं तारीख, आणि 'सध्या तरी' की पक्कं, ही खूण. नोंद कुणी कधी उघडली, हे आपोआप टिपलं जातं. मारहाणीबद्दल कसं विचारावं हे 'दिलासा'च्या कामातून शिकलो. 'सेहत' ही संस्था आणि मुंबई महापालिका यांनी २००० साली वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात ते केंद्र सुरू केलं. दवाखान्यात बाईला एकटीला बसवून विचारायचं असतं, हा धडा तिथला.

आता आमची चूक सांगते, कारण तीच सांगण्यासाठी मी उभी आहे. फॉर्म इतर केंद्रांना खुले करायची तारीख ठरली. आदल्या संध्याकाळी त्या दोघींपैकी एक म्हणाली, "ताई, नमुन्याच्या नोंदी बघा." करून बघण्यासाठी आम्ही तीन खऱ्या बायकांची माहिती भरली होती. नावं बदललेली, पण मुलं किती, नवऱ्याचा धंदा, माहेरचं गाव तसंच. दुसऱ्या दिवशी ते जगभर गेलं असतं.

आम्ही थांबलो. नुसतं पुसून भागत नव्हतं, कारण अशा कामात प्रत्येक जुनी प्रत मागं जपलेली असते. सगळं नव्यानं मांडलं, नमुन्याच्या नोंदी पूर्ण कल्पित केल्या. दोन महिने गेले. तिघींना बोलावून झालेलं सांगितलं. एक रागावून निघून गेली, आणि तिचा राग रास्त होता. दुसरी म्हणाली, "आधी विचारलं असतं तर काय लिहायचं ते मीच सांगितलं असतं." त्या दिवसापासून फॉर्ममध्ये काही बदलायचं असेल तर आमच्याकडे येणाऱ्या दोन बायका त्या बैठकीला असतात. फॉर्म आता खुले आहेत. पेटी कशी बनवली ते सगळ्यांनी पाहावं. पेटीतलं फक्त जिचं तिनं.

संगणकानं मारहाण थांबत नाही, रात्रीचा आसरा मिळत नाही, हे मला ठाऊक आहे. वही वापरणाऱ्या गटांनी वहीच वापरावी. पण मग तिथंही तेच तीन प्रश्न विचारा : हे कुणाच्या तोंडून लिहिलं? किल्ली कुणाकडे आहे? आणि तिला स्वतःला हे वाचून दाखवलं का?

ज्या बाईबद्दल सुरुवातीला बोलले, तिनं कलम २५ खाली आपल्या नोंदींची प्रत मागितली आहे. अर्ज तिनं स्वतः लिहिला. पहिलंच वाक्य आहे : "माझ्याविषयी काय लिहिलं आहे ते मला वाचायचं आहे." आपल्या तालुक्यातल्या किती बायकांना असा अर्ज करायचा असेल, ते शोधायला उद्यापासून सुरुवात करू या.